तापीकाठी बसून सागरी सफरींचे जुने नकाशे कसे वाचायचे

चोपड्यात बसून समुद्राचे नकाशे कशाला बघायचे, हा प्रश्न दर दोन-तीन रविवारांनी कुणी ना कुणी विचारतंच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चार-सहा जण लॅपटॉप उघडून बसलेलो असतो आणि दाराशी आलेला माणूस म्हणतो, "भो, आपल्याला पोहायला विहीर पुरते, तुमचं हे काय चाललंय?" त्याच्याशी मी वाद घालत नाही. त्याला खुर्ची देतो आणि एक नकाशा उघडतो.

नकाशा १६१९ सालचा, मुघल साम्राज्याचा. त्यासाठीची माहिती सर टॉमस रो याची. रो हा इंग्लंडच्या राजाचा जहांगीराच्या दरबारातला वकील. १६१५ च्या सप्टेंबरात तो सुरतेला उतरला आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात पोचला. सुरत-बुऱ्हाणपूर ही तेव्हाची मोठी वहिवाट नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशी आपल्याच गावांवरून जायची. नकाशा काढला विल्यम बॅफिनने. हा तोच बॅफिन, ज्याच्या नावाचा उपसागर ग्रीनलंडच्या पश्चिमेला आहे. १६१६ साली तो तिथल्या बर्फात आशियाकडे जाणारी वाट शोधत होता. वाट मिळाली नाही. पुढच्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या 'अ‍ॅन रॉयल' जहाजावर चढला, तांबड्या समुद्रात आणि इराणच्या आखातात त्याने मोजमापं केली, आणि त्याच जहाजातून रो मायदेशी परतला. म्हणजे ध्रुवाकडचा बर्फ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने आपला खान्देश काढला तो ऐकून.

पाहिलेलं आणि ऐकलेलं यातला हा फरक लक्षात ठेवा. पुढे जे काही सांगणार आहे, ते याच एका खुंटीला बांधलेलं आहे.

सामान काय लागतं

फार काही नाही. नुसते नकाशे बघायचे तर मोबाइल पुरतो. काम करायचं तर लॅपटॉप आणि माउस घ्या, कारण बोटाने झूम करताना नेमका हवा तो आकडा बोटाखाली झाकला जातो. एक वही. एक पारदर्शक पट्टी. इंग्रजी अक्षरांत नावं टाइप करता आली पाहिजेत, कारण मराठीत शोधलं तर या संग्रहांत हाती काही लागत नाही.

नेटचा डेटा मात्र जपून. या नकाशांच्या मूळ प्रती शंभर-दोनशे एमबीच्या सहज असतात. सुरुवातीला मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक मोठी टिफ फाइल उतरवायला लावली, पंचाण्णव टक्क्यांवर दिवे गेले, आणि त्या दिवशीचा सगळा डेटाही गेला. बघण्यासाठी डाउनलोड करायची गरजच नसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संग्रहांच्या साइटवर नकाशा तुकड्या-तुकड्यांनी उघडतो, तुम्ही जेवढा भाग मोठा कराल तेवढाच येतो.

कुठे शोधायचं

चार ठिकाणं पुरेत. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, स्टॅनफर्ड विद्यापीठातला डेव्हिड रमसी नकाशा संग्रह, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह. अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक, त्याच्या सफरींसाठी ट्रोव्ह, फ्रेंच दर्यावर्द्यांसाठी गॅलिका, आणि काहीच सुचत नसेल तर रमसी. कारण तिथे झूम फार सुरेख चालतं आणि नोंदी माणसाने वाचून लिहिलेल्या आहेत हे कळतं.

याशिवाय ओल्ड मॅप्स ऑनलाइन नावाची साइट आहे. तिथे आजच्या नकाशावर जागा दाखवली की त्या जागेचे जुने नकाशे अनेक ग्रंथालयांतून गोळा होऊन समोर येतात. गावाच्या नकाशांसाठी ती उत्तम. समुद्रासाठी मात्र जरा फसवी, कारण महासागराचा नकाशा अर्ध्या पृथ्वीएवढा असतो आणि अशा यादीत छोट्या जागेचे नकाशे आधी दिसतात. म्हणून सागरी सफरींसाठी जागेचं नाव न टाकता जहाजाचं नाव किंवा कप्तानाचं नाव टाका आणि सोबत वर्षाची मर्यादा घाला. 'एंडेव्हर' (कुकचं पहिल्या सफरीचं जहाज) आणि १७६८ ते १७७५ एवढं दिलं तरी पुष्कळ हाती येतं. नुसतं 'जुना सागरी नकाशा' असं इंग्रजीत शोधाल तर भिंतीवर लावायचे छापील पोस्टर विकणारेच भेटतील.

जुन्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर बऱ्याच ठिकाणी एफसारखं दिसतं. संगणकाने वाचून तयार केलेल्या शोधयादीत मग शब्दच बदलून जातो. एखादा नकाशा नक्की असायला हवा आणि सापडत नाही असं झालं तर एसच्या जागी एफ घालून बघा. गावांची नावंही तशीच. बुऱ्हाणपूरचं 'ब्रॅम्पोर', खान्देशचं 'कॅन्डिश' किंवा 'चॅन्डिश' अशी रूपं भेटतात. सुरत तेवढी बहुतेक सुरतच राहते.

पहिला नकाशा आपल्या घराचा

सुरुवात कुक किंवा मॅगेलनपासून करू नका. अनोळखी किनारा बघून तो बरोबर आहे की चूक, हे नवख्याला कळत नाही. ज्या नकाशात तापी आहे असा एखादा घ्या. बॅफिनचाच घ्या, किंवा जेम्स रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा घ्या. हा रेनेलही उमेदीत इंग्रजी आरमारात होता, पुढे बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला आणि उतारवयात सागरी प्रवाहांचा अभ्यास करत बसला.

नकाशा उघडला की लगेच झूम करू नका. आधी पूर्ण कागद बघा. उत्तर वर आहे का, शीर्षकाची नक्षीदार चौकट कुठे आहे, मोजपट्टी कुठल्या मैलांत आहे. बॅफिनच्या नकाशावर जहांगीराची वंशावळीची मोहोर आहे, सिंह-सूर्याचं निशाण आहे, आणि आग्र्याहून लाहोरकडे जाणारी झाडांची दुतर्फा रांग काढली आहे. ती रांग सगळ्यांना आवडते. पण तिच्यात रमू नका, आपलं काम खाली आहे.

आता सुरत शोधा. तिथून बोट ठेवल्यासारखं पूर्वेकडे सरका. नदी किती वाकते, काठावर कोणती नावं आहेत, बुऱ्हाणपूर नदीच्या कुठल्या अंगाला आहे, हे वहीत लिहा. मग आजचा नकाशा शेजारच्या टॅबमध्ये उघडून ताडून बघा. सुरत ते बुऱ्हाणपूर सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. जुन्या नकाशावर हे अंतर किनाऱ्यावरच्या एखाद्या ओळखीच्या अंतराच्या तुलनेत किती ताणलंय किंवा आक्रसलंय ते पट्टीने मोजा.

आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी पहिल्यांदा हा नकाशा बघितला तेव्हा चष्मा वर करून विचारलं, "हाई आपली तापी शे का?" आहे, पण ओळखू येईल अशी नाही. किनारा बराचसा जमलेला आणि आतला प्रदेश अंदाजाने भरलेला, हे या काळातल्या बहुतेक नकाशांचं लक्षण. जहाजवाल्याला किनारा चुकवून चालत नाही, जहाज फुटतं. आतली नदी चार बोटं इकडेतिकडे झाली तर त्याचं काही बिघडत नाही. रोच्या आधीचे युरोपीय नकाशे तर सिंधू नदी खंबायतच्या आखातात नेऊन सोडायचे. ती सिंधमध्ये समुद्राला मिळते आणि आपले नकाशे खोटे आहेत, असं रोने पत्रात लिहून कळवलं.

ही घरची कसोटी एकदा झाली की परक्या समुद्रात उतरायला हरकत नाही.

आकडे, रेघा आणि अक्षरं

सागरी नकाशावर पाण्यात विखुरलेले बारीक आकडे दिसतात. ती खोली. मोजायचं माप 'फॅदम'. आपल्याकडे याला चोख शब्द आहे, वाव. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक वाव. दोरी ओढताना ती आपोआप याच मापाने हातात येते. इंग्रजी वाव ६ फुटांचा, म्हणजे १.८३ मीटर. आपण विहीर परसात सांगतो, तसलाच हा अंगाने मोजायचा हिशेब.

हे आकडे आले कुठून, ते कळलं की नकाशा वेगळाच दिसू लागतो. दोरीच्या टोकाला शिशाचं लांबट वजन बांधलेलं असे. वजनाच्या बुडाला खळगा, आणि खळग्यात जनावराची चरबी भरलेली. वजन तळाला टेकलं की चरबीला तिथली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते चिकटून वर येई. म्हणून आकड्याशेजारी एखादं बारीक अक्षर असतं. एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, एसएच म्हणजे शिंपले, आर म्हणजे खडक. नांगर टाकायचा तर वाळू-चिखल बरा, खडक वाईट. धुक्यात किनारा दिसत नसला तरी चरबीला चिकटलेली वाळू बघून जुना खलाशी आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधी. आकड्यावर आडवी रेघ आणि वर टिंब दिसलं तर अर्थ असा की एवढी दोरी सोडली, तळ लागला नाही.

म्हणजे प्रत्येक आकड्यामागे एक माणूस जहाजाच्या कडेला उभा राहून भिजलेली दोरी ओढत होता. आकडे जिथे दाट तिथे जहाज रेंगाळलं. आकडे जिथे संपले तिथे कुणी गेलं नाही, किंवा गेलं आणि थांबलं नाही.

दुसरी गोष्ट, जहाजाच्या वाटेची रेघ. सफरीच्या नकाशावर ती बहुधा बारीक, वाकडीतिकडी असते आणि तिच्यावर तारखा असतात. लांब सरळ रेघ आणि दूर-दूर तारखा म्हणजे अनुकूल वारा. एकाच जागी मांजराने विस्कटलेल्या लोकरीसारखा गुंता म्हणजे वारा पडला होता, किंवा किनारा शोधत घिरट्या चालल्या होत्या. एक तारीख ते दुसरी तारीख अंतर मोजा आणि वेग काढा. जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये सांगतात आणि नॉट म्हणजे खरोखरीची गाठ. दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारलेली, २८ सेकंदांची वाळूची घटिका उलटी करायची, आणि तेवढ्यात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं.

अंतर मोजताना एक खबरदारी घ्या. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ध्रुवांकडचा भाग फुगत जातो, त्यामुळे कोपऱ्यातली मोजपट्टी सगळीकडे लागू पडत नाही. कागदाची पट्टी घेऊन अंतर उचला आणि त्याच उंचीवरच्या डाव्या किंवा उजव्या कडेला ठेवा. कडेवरचा अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आजच्या हिशेबाने १,८५२ मीटर. लीग लिहिलं असेल तर इंग्रजी लीग तीन सागरी मैलांची. डच आणि फ्रेंच मापं निराळी, तिथे नकाशावरचीच पट्टी वाचायची.

कंपासच्या गुलाबातून, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या फुलासारख्या चक्रातून निघून सगळ्या नकाशाभर पसरलेल्या सरळ रेघा जहाजाच्या वाटा नव्हेत. त्या दिशांच्या रेघा. नवखे हटकून इथे चुकतात.

सुरत जुनागढला कशी गेली

आता माझी फजिती. गॅलिकावर एक सुंदर फ्रेंच नकाशा मिळाला, हिंदी महासागराचा. कडेवरचे रेखांश वाचून मी उत्साहाने जागा आजच्या नकाशावर बसवल्या. सुरत जाऊन पडली सौराष्ट्रात, जुनागढच्या बाजूला. मला वाटलं फ्रेंचांनी चूक केली. दोन संध्याकाळी त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात गेल्या. मग शीर्षकाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'पॅरिसच्या रेखावृत्तापासून' असं लिहिलेलं दिसलं.

ग्रीनिच हे सगळ्यांचं शून्य रेखावृत्त ठरलं १८८४ साली, वॉशिंग्टनच्या परिषदेत. फ्रान्सने तर त्यानंतरही १९११ पर्यंत पॅरिस सोडलं नाही. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंद आहे. आपल्या अक्षांशावर हे अंतर होतं जवळजवळ २४३ किलोमीटर. पॅरिसपासून मोजलेला आकडा ग्रीनिचचा समजलात की सगळं काही तेवढं पश्चिमेला सरकतं. त्याहून जुन्या नकाशांत कॅनरी बेटांमधल्या फेरो बेटापासून मोजायची चाल होती आणि फेरो धरला जाई पॅरिसच्या नेमका २० अंश पश्चिमेला.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी शीर्षकाखालचा आणि कडेवरचा मजकूर वाचून शून्य कुठलं ते शोधा. लिहिलेलं नसेल तर ज्या जागेचा आजचा रेखांश तुम्हाला पक्का माहीत आहे अशी एक जागा घ्या (मी सुरत घेतो, ७२ अंश ५० मिनिटं) आणि नकाशावरच्या आकड्यातून फरक काढा. फरक सव्वादोन-अडीच अंशांचा आला तर पॅरिस. साडेसतरा-अठरा अंशांचा आला तर फेरो. भलताच आला तर बहुधा नकाशाच तेवढा चुकलेला आहे.

आणि तो चुकलेला असणं शक्य आहे. अक्षांश काढणं सोपं, दुपारच्या सूर्याची उंची मोजली की झालं. रेखांशासाठी समुद्रावर नेमकी वेळ सांगणारं घड्याळ लागतं आणि तसं घड्याळ जॉन हॅरिसनने बनवून दाखवेपर्यंत अठरावं शतक अर्ध्याहून जास्त उलटलं होतं. कुकने त्या घड्याळाची लार्कम केंडलने केलेली नक्कल १७७२ च्या दुसऱ्या सफरीवर नेली. पहिल्या सफरीवर तो चंद्राचं ताऱ्यांपासूनचं अंतर मोजून रेखांश काढत होता. म्हणून १७६० च्या आधीचा नकाशा तपासताना उत्तर-दक्षिण चूक थोडी आणि पूर्व-पश्चिम चूक मोठी निघाली तर दचकायचं कारण नाही.

कुकचं न्यूझीलंड

परक्या समुद्रातला पहिला नकाशा म्हणून मी कुकने १७६९-७० मध्ये काढलेलं न्यूझीलंड देतो. सहा महिन्यांत त्याने दोन्ही बेटांना फेरी मारली. किनारा इतका जमला आहे की आजच्या नकाशावर ठेवला तर पोरं ओरडतात. आता त्यात दोन चुका शोधायला सांगतो. दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्याला एक गोल बेट दाखवलं आहे, बँक्सच्या नावाचं. ते बेट नाही, जमिनीला जोडलेलं द्वीपकल्प आहे. आणि अगदी दक्षिणेला स्टुअर्ट बेट जमिनीला जोडल्यासारखं काढलं आहे, ते खरं बेट आहे. एक चूक दुसरीच्या बरोबर उलट.

का झाल्या, ते जहाजाची वाट बघून कळतं. दोन्ही ठिकाणी रेघ किनाऱ्यापासून दूर आहे. लांबून बघितलं की सखल जमीन क्षितिजाखाली जाते आणि डोंगर तेवढा बेटासारखा वर दिसतो. पावसाळ्यात धुकं खाली बसलं की सातपुड्याचे माथे चोपड्याहून कसे सुटे-सुटे दिसतात ते आठवा. कुकने पाहिलं तेच काढलं, फक्त लांबून पाहिलं.

म्हणून प्रत्येक सफरीच्या नकाशाला तीन रंगांच्या पेन्सिली लावायची सवय करा. छापील प्रतीवर किंवा वहीत कच्चं चित्र काढून. जवळून पाहिलेला किनारा एका रंगाने, लांबून पाहिलेला दुसऱ्याने, ऐकीव किंवा आधीच्या नकाशावरून उचललेला तिसऱ्याने. तुटक रेघ बहुधा तिसऱ्यातली. हेन्री रॉबर्ट्सने १७८४ साली कुकच्या तिन्ही सफरींच्या वाटा एका जगाच्या नकाशावर छापल्या, त्यावर हे फार छान करता येतं. छपाईचं वर्ष आणि सफरीचं वर्ष यांची गल्लत मात्र करू नका. तिसरी सफर १७८० मध्येच संपली होती, आणि कुक तर १७७९ मध्ये हवाईत मारला गेला.

तळाचे नकाशे

किनारे झाले की तळ. 'चॅलेंजर' हे ब्रिटिशांचं समुद्र-संशोधनाचं जहाज १८७२ च्या डिसेंबरात पोर्ट्समथहून निघालं आणि १८७६ च्या मे महिन्यात परत आलं. सव्वा लाख किलोमीटरांहून जास्त प्रवास, आणि ३६२ ठरवून घेतलेले थांबे, जिथे खोली, तापमान, तळाची माती, जीवजंतू सगळं तपासलं. अहवालाचे ५० खंड झाले. ते स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्ह आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहेत, आणि वाटांचे, खोल्यांचे नकाशे त्यांतच मिळतात. घडीचे नकाशे काही प्रतींत स्कॅन करणाऱ्याने उलगडलेलेच नसतात. एका प्रतीत नुसती घडी दिसली तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत उघडा.

आपल्या लोकांना एक गोष्ट खटकते. चॅलेंजर अरबी समुद्रात फिरकलंच नाही. केपटाउनहून केर्गेलेन, तिथून मेलबर्न, असं ते हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून निघून गेलं. आपल्या बाजूच्या समुद्रासाठी १९३३-३४ ची जॉन मरे मोहीम बघायची. इजिप्तच्या 'मबाहिस' जहाजावरून ती झाली आणि चॅलेंजरवरच्या जॉन मरेने मागे ठेवलेल्या पैशातून झाली.

चॅलेंजरचा सगळ्यात खोल आकडा ४,४७५ वाव, म्हणजे ८,१८४ मीटर, २३ मार्च १८७५ रोजी मारियाना बेटांकडे मिळालेला. तो नकाशावर सापडला की कुणालाही आनंद होतो. पण मी मुलांना आधी भागाकार करायला लावतो. एकूण प्रवास भागिले थांबे. सरासरी साडेतीनशे किलोमीटरला एक थांबा येतो. म्हणजे बुऱ्हाणपुरात एकदा दोरी सोडायची आणि मग थेट सुरतेला. मधलं रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, त्यातले खड्डे-टेकड्या, सगळं अंदाजाने. आता त्या नकाशावरच्या समान खोलीच्या मऊ, वळणदार रेषा पुन्हा बघा आणि त्यातलं पाहिलेलं किती ते ठरवा.

विसाव्या शतकात सागरतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प आणि ब्रूस हीझेन यांच्या कामापर्यंत आलं तरी हा प्रश्न संपत नाही. तोवर दोरी जाऊन ध्वनीने खोली मोजणारी यंत्रं आली होती, पण मोजणी जहाजाच्या वाटेवरच व्हायची. मधल्या पट्ट्यांत डोंगररांग कशी वळत असेल हे थार्पने भूगर्भाच्या जाणकारीने भरलं. त्यांचा १९७७ चा जगाच्या सागरतळाचा नकाशा, हाइनरिख बेरानने रंगवलेला, जरूर बघा. सोबत आजच्या तळाचा नकाशा हवा असेल तर गेब्कोचा घ्या. मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या पुढाकाराने १९०३ साली सुरू झालेलं ते काम आजही चालू आहे आणि त्यांची माहिती सगळ्यांना खुली आहे.

जुना नकाशा आजच्यावर बसवणं

हे शेवटी करा, घाई नको. दोन मार्ग आहेत. ऑलमॅप्स हे ब्राउझरमध्येच चालतं. ज्या ग्रंथालयाची चित्रं ट्रिपल-आय-एफ (इंग्रजीत IIIF, चित्रं ऑनलाइन दाखवायची ग्रंथालयांची सामायिक पद्धत) पद्धतीने ठेवलेली असतात, त्यांच्या नोंदीतली ती लिंक उचलून ऑलमॅप्समध्ये टाकली की फाइल न उतरवताही काम होतं. दुसरा मार्ग क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर, त्यात याच कामासाठी जिओरेफरन्सर नावाचं साधन आहे. त्यासाठी फाइल उतरवावी लागते. रीत दोन्हीकडे एकच. जुन्या नकाशावर एक बिंदू, आजच्या नकाशावर तोच बिंदू, अशा आठ-दहा जोड्या जुळवायच्या.

कौशल्य आहे ते बिंदू निवडण्यात. नदीचं मुख घेऊ नका. तापीच्या मुखाशी इतका गाळ आणि वाळूचे दांडे की सतराव्या शतकात मोठी जहाजं सुरतेपर्यंत यायचीच नाहीत, उत्तरेला सुवाळीला नांगर टाकायची. अशा जागा तेव्हाही सरकत होत्या, आजही सरकतात. खडकाळ भूशिरं घ्या, छोटी खडकाळ बेटं घ्या, किनाऱ्यावरचे किल्ले घ्या. आतल्या गावांचे बिंदू नकोतच, बुऱ्हाणपूरचा मोह झाला तरी. बिंदू चारही कोपऱ्यांत पसरवा. सगळे एका बाजूला घेतले की उरलेला कागद ओल्या पापडासारखा वाकतो.

सॉफ्टवेअर विचारेल की नकाशा कसा ताणायचा. सुरुवातीला साधा, सरळ पर्याय घ्या. रबरासारखा ताणणारा पर्याय प्रत्येक बिंदू तंतोतंत बसवतो आणि मग जुन्या माणसाने केलेली चूक दिसतच नाही. आपल्याला तर तीच बघायची असते.

जपून ठेवणं, वापरणं

फाइलचं नाव लगेच बदला. 'इमेज अंडरस्कोअर सत्तेचाळीस' असल्या नावाच्या साठ फाइली माझ्याकडे अजून पडून आहेत. नावात वर्ष, जहाज किंवा नकाशाकार आणि संग्रह एवढं घाला, आणि वहीत नोंदीची कायमची लिंक.

वापराच्या अटी प्रत्येक नोंदीत वेगळ्या असतात, त्या वाचा. रमसी संग्रहातली चित्रं नाव देऊन, व्यापारी फायद्याशिवाय वापरता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले जुने नकाशे बहुतेक खुले. पण १९७७ चा नकाशा जुना दिसतो म्हणून तो हक्कमुक्त धरू नका.

छापायचा असेल तर मोठी प्रत उतरवा आणि दुकानात स्वतः उभे राहा. गेल्या वर्षी वाचनालयाच्या भिंतीसाठी मी रॉबर्ट्सचा नकाशा फ्लेक्सवर छापायला नेला होता, सहा फूट बाय चार. दुकानातल्या पोराने फाइल उघडली, वरखाली फिरवून बघितली, रंग जरा उजळ करू का विचारलं, मी नको म्हटलं. मग तो खाली दक्षिण ध्रुवाकडच्या कोऱ्या पट्ट्यावर येऊन थांबला. कुकची रेघ तिथे बर्फाला टेकून मागे वळते आणि पुढे काहीच काढलेलं नाही.

"सर, इथे बरीच जागा रिकामी राहतेय," तो म्हणाला. "कुणाचा फोटो टाकायचा का?"